फुटेज गेलं? आधी रेकॉर्डिंग थांबवा

पार्किंगमधून स्कूटर गेली, गल्ल्यात पैसे कमी भरले किंवा गेटपाशी गाडीला कोणी धडक देऊन पळालं, की सगळ्यांच्या तोंडी एकच वाक्य येतं, "कॅमेऱ्यात बघा." आणि कितीतरी सोसायट्यांत, दुकानांत त्यावर मिळणारं उत्तरही ठरलेलं असतं, "त्या दिवसाचं दिसत नाहीये." मग धावपळ सुरू होते. कोणी डीव्हीआर बंद करून परत चालू करतं, कोणी कॅमेरेवाल्याला फोन लावतं, तो फोनवरच सांगतो, "हार्ड डिस्कला एकदा फॉरमॅट मारून बघा." या गडबडीत एक गोष्ट सगळ्यांच्या नजरेतून सुटते. डीव्हीआरचं काम चालूच असतं. तो दर सेकंदाला डिस्कवर नवं चित्रण लिहीत असतो, आणि जे तुम्हाला हवं आहे त्यावरच कदाचित लिहीत असतो.

फुटेज कायमचं घालवणारा बहुतेक वेळा चोर नसतो, तुमचंच चालू राहिलेलं यंत्र असतं. हे एकदा डोक्यात बसलं की पुढची प्रत्येक पायरी आपोआप समजते.

"गेलेलं" फुटेज तीन प्रकारचं असतं. पहिलं, जे मुळात गेलेलंच नाही, फक्त चुकीच्या जागी शोधलं जातंय. दुसरं, ज्याची नोंद पुसली गेली आहे पण चित्रण डिस्कवर शाबूत आहे. तिसरं, ज्याच्यावर नवं चित्रण लिहिलं गेलं आहे. पहिलं तुम्हीच शोधू शकता, दुसरं बहुधा जाणकार काढून देतो, तिसरं कोणीही परत आणू शकत नाही. आपली केस यांपैकी कोणती, हे लवकर ओळखणं हेच खरं काम.

डिस्कवर नेमकं काय घडतं

जुन्या केबलवाल्या कॅमेऱ्यांना डीव्हीआर लागतो, नेटवर्कवर चालणाऱ्या आयपी कॅमेऱ्यांना एनव्हीआर. दोन्हींच्या पोटात साधी हार्ड डिस्क असते. ती भरली की यंत्र थांबत नाही, सर्वांत जुन्या चित्रणावर नवं लिहायला लागतं. मेनूत याला ओव्हरराइट म्हणतात आणि ते सहसा चालूच असतं.

किती दिवसांचं चित्रण राहतं, हे साध्या गुणाकारानं कळतं. सेकंदाला २ मेगाबिट या वेगानं चोवीस तास रेकॉर्डिंग करणारा एक कॅमेरा दिवसाला सुमारे २१.६ जीबी जागा घेतो. असे आठ कॅमेरे असतील तर रोज जवळपास १७३ जीबी. म्हणजे १ टीबीच्या डिस्कवर सहा दिवसही पुरे मावत नाहीत, २ टीबीवर साडेअकरा दिवस, ४ टीबीवर तेवीस. गणपतीला गावी गेलेलं कुटुंब दहा-बारा दिवसांनी परत येतं, कुलूप तुटलेलं दिसतं आणि तेव्हा फुटेज शोधायला घेतात. २ टीबीच्या डिस्कवर पहिल्या दिवसाचं चित्रण तोवर शेवटच्या घटका मोजत असतं.

आता पुसण्याविषयी. डिलीट केलं किंवा फॉरमॅट केलं की चित्रण जागच्या जागी नष्ट होतं, असा सर्वसाधारण समज असतो. सातबाऱ्यावरून नाव कमी झालं म्हणून जमीन काही हलत नाही, तसंच इथेही आहे. डिस्कच्या नोंदवहीतून तारीख-वेळ निघून जाते आणि ती जागा मोकळी आहे असं यंत्र धरून चालतं. दुसरं कोणी त्या जागेवर बांधकाम करेपर्यंत जुनं चित्रण तिथेच असतं.

फॉरमॅट मारल्यावर बहुतेक यंत्रं डिस्कच्या सुरुवातीपासून पुन्हा लिहायला लागतात. वरच्याच हिशेबानं, फॉरमॅटनंतर आठ कॅमेरे एक दिवस चालू राहिले तर २ टीबीच्या डिस्कचा साधारण बारावा हिस्सा नव्या चित्रणानं व्यापतो. उरलेल्या अकरा हिश्शांत तुमचं फुटेज असण्याची शक्यता चांगलीच आहे. आठवडा उलटला तर निम्म्याहून जास्त डिस्क गेलेली असते.

खरंच गेलंय का, ते आधी पाहा

डिस्कला हात लावण्यापूर्वी पंधरा-वीस मिनिटं या तपासणीला द्या. हवा असलेला दिवस अगदी जुना असेल आणि डिस्क भरत आली असेल, तर तपासणीच्या आधीच मेनूतून ओव्हरराइट किंवा रेकॉर्डिंग बंद करा.

१. घड्याळ. डीव्हीआरच्या पडद्यावरची वेळ आणि मोबाइलवरची वेळ शेजारी शेजारी ठेवून एक फोटो काढा. यंत्राच्या आत नाण्याएवढा छोटा सेल असतो. तो संपला असेल तर वीज जाऊन आल्यावर घड्याळ कुठल्यातरी जुन्या तारखेवर, कधी २००० सालच्या जानेवारीतही जाऊन बसतं. मग कालचं चित्रण त्या जुन्या तारखेखाली साठवलेलं सापडतं. दुसरी नेहमीची गडबड म्हणजे यंत्र चीनच्या वेळेवर राहिलेलं असणं. तिथली वेळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे आहे. म्हणजे आपल्याकडे रात्री दहाला घडलेली गोष्ट यंत्रात साडेबाराला, दुसऱ्या दिवसाच्या तारखेत दिसते. महिना आणि दिवस उलटसुलट लिहिलेले तर नाहीत, हेही बघा. तसं असेल तर ५ मार्च आणि ३ मे यांची सहज अदलाबदल होते.

२. चॅनल आणि प्रकार. प्लेबॅकच्या पडद्यावर फक्त एक-दोन चॅनल निवडलेले असतात, किंवा 'मोशन' अशी चाळणी लावलेली असते. सगळे चॅनल आणि सगळे प्रकार निवडून पुन्हा शोधा. रेकॉर्डिंगचं वेळापत्रकही उघडून बघा. हालचाल झाली तरच रेकॉर्डिंग, अशी सोय लावलेली असेल आणि कॅमेऱ्यानं हालचाल टिपलीच नसेल, तर ते फुटेज कधी तयारच झालेलं नाही. तिथे रिकव्हरीवर पैसे घालवण्यात अर्थ नाही.

३. मुदत. काही यंत्रांत 'इतक्या दिवसांनंतरचं चित्रण काढून टाका' अशी सेटिंग असते. डिस्कवर जागा भरपूर आणि मागचं मात्र सातच दिवसांचं दिसतंय, असं असेल तर ही सेटिंग तपासा. असं काढलेलं चित्रण दुसऱ्या प्रकारात मोडतं, म्हणजे ते डिस्कवर अजून असू शकतं.

४. मोबाइल अ‍ॅप. अ‍ॅपमध्ये दिसत नाही म्हणजे डीव्हीआरमध्ये नाही, असं नव्हे. टीव्ही किंवा मॉनिटर थेट यंत्राला जोडून बघा.

५. डिस्कची अवस्था. मेनूतल्या स्टोरेजच्या भागात डिस्कपुढे 'नॉर्मल' लिहिलंय का? 'अनइनिशियलाइज्ड', 'अ‍ॅबनॉर्मल' किंवा 'एरर' दिसत असेल तर शेजारचं इनिशियलाइज किंवा फॉरमॅटचं बटण दाबू नका. डिस्क दिसतच नसेल तर कधी कधी आतली केबल सैल झालेली असते. यंत्र बंद करून ती नीट बसवणं पुरतं.

६. लॉग. यंत्र स्वतःची रोजनिशी ठेवतं. वीज कधी गेली, डिस्कचा दोष कधी आला, कोणत्या खात्यातून कोण शिरलं, फॉरमॅट कधी झालं, हे सगळं त्यात असतं. या पानांचे फोटो काढून ठेवा. कोणी मुद्दाम पुसलं असेल तर त्याचा माग इथेच मिळतो आणि लॉगही काही काळानं नव्या नोंदींखाली जातो.

फुटेज सापडलं तर ते त्याच बैठकीत पेनड्राइव्हवर काढून घ्या, "उद्या काढू" नको. ज्याला आपले कॅमेरेवाले 'बॅकअप काढणं' म्हणतात, ते दोनदा करा. एकदा यंत्राच्या मूळ स्वरूपात, त्या कंपनीच्या प्लेअरसह आणि एकदा एमपी४ मध्ये. घटनेच्या आधीचा आणि नंतरचा किमान अर्धा तास घ्या, कारण पाळत ठेवणारा माणूस बऱ्याचदा आधी एक फेरी मारून गेलेला असतो. पेनड्राइव्ह ओळखला जात नसेल तर तो बहुधा दुसऱ्या पद्धतीनं फॉरमॅट केलेला असतो. बहुतेक डीव्हीआरना फॅट३२ चालतो. ज्या यंत्रात फाइल 'लॉक' करण्याची सोय आहे तिथे ती वापरा. लॉक केलेल्या फाइलवर ओव्हरराइट होत नाही.

गेलंच असेल तर पहिला तास

तपासणीत काही सापडलं नाही, किंवा कोणी फॉरमॅट मारल्याचं कळलं, तर आता यंत्र बंद करायचं. मेनूतल्या शटडाउननं बंद करा, थेट प्लग ओढू नका. अपवाद एकच. डिस्कमधून टकटक किंवा खरखर आवाज येत असेल तर ताबडतोब वीज तोडा. तो आवाज म्हणजे डिस्कचे आतले भाग बिघडल्याची खूण असते, आणि अशी डिस्क चालू राहिली की दर मिनिटाला चित्रणाचा पृष्ठभाग खरवडला जाऊ शकतो. ती डिस्क घरी उघडू नका, फ्रीजमध्येही ठेवू नका. इंटरनेटवरचे असले उपाय नुकसानच करतात.

मग डिस्क बाहेर काढा. तिच्यावरचा क्रमांक, कोणत्या डीव्हीआरमधून काढली, तारीख, वेळ, काढणाऱ्याचं नाव, हजर असलेल्या दोघांच्या सह्या, इतकं एका कागदावर लिहा. डिस्क गुंडाळून, कोरड्या जागी कुलपात ठेवा. यंत्रात एकापेक्षा जास्त डिस्क असतील तर त्यांचा क्रमही लिहून घ्या. काही यंत्रं चित्रण अनेक डिस्कवर वाटून ठेवतात, तिथे हा क्रम हरवला तर जोडणी अवघड होते.

इमारत कॅमेऱ्याविना कशी ठेवायची, हा प्रश्न रास्त आहे. या भीतीपोटीच लोक रेकॉर्डिंग बंद करायला तयार नसतात. त्यावरचा उपाय स्वस्त आहे. नवी डिस्क आणून डीव्हीआरमध्ये घाला, रेकॉर्डिंग चालू करा, जुनी बाजूला ठेवा. जुनी डिस्क 'बघू तरी' म्हणून दुसऱ्या डीव्हीआरमध्ये घालू नका. तो तिला अनोळखी समजून फॉरमॅट मागतो आणि घाईत कोणीतरी 'ओके' दाबतं.

पासवर्ड विसरल्यामुळे फुटेज बघता येत नसेल तर ती वेगळी गोष्ट आहे. यंत्राची सेटिंग मूळपदावर नेणं आणि डिस्क फॉरमॅट करणं ही दोन निरनिराळी कामं आहेत. पहिल्यानं चित्रण सहसा जात नाही. तरी कॅमेरेवाल्याला हे काम सांगताना डिस्क आधी बाहेर काढून ठेवायला लावा, म्हणजे चुकीचं बटण दाबलं जाण्याचा प्रश्नच उरत नाही.

डिस्क संगणकाला लावताना

तुम्हाला संगणकाची चांगली जाण असेल आणि प्रकरण पोलिसांपर्यंत जाणारं नसेल, तर घरी प्रयत्न करायला हरकत नाही. पण दोन नियम मोडायचे नाहीत. मूळ डिस्कवर एकही अक्षर लिहायचं नाही, आणि जे काम करायचं ते प्रतीवर करायचं.

डीव्हीआरची डिस्क विंडोजला लावली की बहुतेक वेळा 'ही डिस्क वापरण्यासाठी फॉरमॅट करावी लागेल' किंवा 'इनिशियलाइज करा' असा संदेश येतो. यावरून डिस्क बिघडली असं समजू नका. हिकव्हिजन, दाहुआ आणि इतर अनेक कंपन्यांची यंत्रं डिस्कवर स्वतःच्या खास रचनेत लिहितात आणि ती विंडोजला वाचता येत नाही. संदेश रद्द करा, पुढे जाऊ नका.

पहिलं काम म्हणजे डिस्कची जशीच्या तशी प्रतिमा काढणं. तिला इमेजिंग म्हणतात. तितक्याच किंवा जास्त क्षमतेची रिकामी डिस्क लागते. निरोगी २ टीबीच्या डिस्कला सुमारे चार तास लागतात. एफटीके इमेजर हे मोफत मिळतं. डिस्कवर खराब जागा असतील तर लिनक्सवरचं डीडीरेस्क्यू उपयोगी पडतं, कारण ते आधी चांगला भाग उचलतं आणि अडलेल्या जागांकडे नंतर वळतं. मूळ डिस्क आणि संगणक यांच्यामध्ये 'राइट ब्लॉकर' नावाचं उपकरण लावलं की चुकूनही काही लिहिलं जात नाही.

प्रतिमा हाती आल्यावर तिच्यातून चित्रण शोधायचं. फोटोरेक हे मोफत सॉफ्टवेअर मेमरी कार्डावरच्या नेहमीच्या फाइलींसाठी चांगलं आहे. डीव्हीआरच्या डिस्कवर मात्र ते बऱ्याचदा निराश करतं, कारण आठ कॅमेऱ्यांचं चित्रण तिथे तुकड्यातुकड्यांनी एकमेकांत मिसळून लिहिलेलं असतं. तुकडे सापडतात, पण कोणता तुकडा कोणत्या कॅमेऱ्याचा आणि किती वाजताचा, हे कळत नाही. डीव्हीआरची रचना ओळखणारी खास सॉफ्टवेअरं न्यायवैद्यक प्रयोगशाळांत आणि मोठ्या डेटा रिकव्हरी केंद्रांत असतात. ती महाग आहेत. एका घटनेसाठी विकत घेण्यात अर्थ नाही, ती असलेल्या माणसाकडे जाणं परवडतं.

वायफाय कॅमेरा, मेमरी कार्ड आणि क्लाउड

घरात, छोट्या दुकानात आता एकटा वायफाय कॅमेरा आणि त्यात मायक्रो एसडी कार्ड, अशीच मांडणी जास्त दिसते. इथेही कार्ड भरलं की जुन्यावर नवं लिहिलं जातं, आणि कार्ड लहान असल्यानं ते लवकर भरतं. फुटेज गेल्याचं लक्षात येताच कॅमेऱ्याची वीज काढा, मग कार्ड काढा. ते मोठ्या अडॅप्टरमध्ये घालून त्याच्या कडेची छोटी खिट्टी 'लॉक'कडे सरकवा. लॅपटॉपला लावल्यावर कार्डावर सहसा काही लिहिलं जाणार नाही. अ‍ॅपवर 'कार्डमध्ये दोष आहे, फॉरमॅट करा' असं आलं तर नाही म्हणा. काही कॅमेरे कार्डावरचं चित्रण कुलूपबंद करून, म्हणजे एनक्रिप्ट करून ठेवतात. ते त्याच खात्यातून, त्याच कॅमेऱ्यात उघडतं. म्हणून कॅमेरा अ‍ॅपमधून काढून टाकू नका आणि नव्यानं जोडूही नका.

क्लाउडची योजना घेतली असेल तर तिची मुदत किती दिवसांची आहे ते लगेच पाहा. खातं कोणाच्या नावावर आहे, हा पुढचा प्रश्न. बसवणाऱ्यानं स्वतःच्याच मोबाइल क्रमांकावर खातं उघडलेलं असणं ही आपल्याकडची सर्रास गोष्ट आहे, तेव्हा त्याला फोन करा. योजना नसली तरी हालचालीच्या सूचनेबरोबर आलेली चित्रं मोबाइलमध्ये उरलेली असू शकतात. कोणी पूर्वी काढलेला तुकडा फोनमधून पुसला असेल तर गॅलरीतलं ट्रॅश बघा. गूगल फोटोजमध्ये बॅकअप झालेली फाइल ट्रॅशमध्ये ६० दिवस राहते, आयफोनवर 'अलीकडे हटवलेले' या भागात साधारण ३० दिवस. संगणकाचं रीसायकल बिन आणि सोसायटीचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप यांनाही विसरू नका.

तज्ज्ञाकडे जाताना

मोबाइल दुरुस्तीपासून सगळंच करणारा माणूस आणि डीव्हीआरच्या डिस्कवर काम केलेला माणूस यांत फरक आहे. डिस्क हवाली करण्यापूर्वी हे प्रश्न विचारा. मूळ डिस्कवर काम करणार की तिची प्रतिमा काढून? या कंपनीच्या डीव्हीआरवर आधी काम केलंय का? फुटेज मिळालं नाही तर पैसे किती? डिस्क उघडावी लागली तर धूळविरहित खोली आहे का, आणि उघडण्यापूर्वी मला विचारणार का? डिस्कचा क्रमांक लिहिलेली पावती घ्या. हवी असलेली तारीख, वेळ आणि कॅमेरा लेखी द्या, यंत्राच्या घड्याळातल्या फरकासह. सगळी डिस्क उपसण्यापेक्षा तीन तासांचं चित्रण शोधणं सोपं आणि स्वस्त.

"ज्यावर नवं लिहिलं गेलंय तेही काढून देतो," असं कोणी छातीठोक सांगत असेल तर डिस्क परत घ्या आणि निघा. आजच्या हार्ड डिस्कवर एकदा पुरतं नवं लिहून झालं की त्याखालचं जुनं चित्रण परत मिळत नाही. तसंच, अंधुक नंबरप्लेट एआयनं 'स्पष्ट' करून देतो म्हणणाऱ्यांपासून सावध राहा. अशी सॉफ्टवेअरं नसलेले बारकावे अंदाजानं भरतात. त्यातून दिसणारा आकडा भलत्याच माणसाच्या गाडीचा असू शकतो.

पोलिस आणि न्यायालय

चोरी, अपघात, मारहाण, छेडछाड, काहीही गंभीर असेल तर डिस्क खाजगी माणसाकडे देण्याआधी पोलिसांकडे जा. तक्रारीतच लिहा, की फुटेज पुसलं गेल्याचा संशय आहे आणि डिस्क काढून सुरक्षित ठेवली आहे. पोलिस पंचनामा करून ती जप्त करतात आणि गरज वाटली तर न्यायवैद्यक प्रयोगशाळेकडे पाठवतात. महाराष्ट्रात हे काम न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा संचालनालयाकडे आहे. त्याचं मुख्यालय मुंबईत कालिन्याला आहे. नागरिकाला तिथे थेट डिस्क नेऊन देता येत नाही, तपास यंत्रणेमार्फतच जावं लागतं.

१ जुलै २०२४ पासून पुरावा कायद्याची जागा भारतीय साक्ष्य अधिनियमानं घेतली. पूर्वीच्या कलम ६५-ब चं काम आता कलम ६३ करतं. पेनड्राइव्हवर काढलेलं फुटेज न्यायालयात द्यायचं तर सोबत ठरावीक नमुन्यातलं प्रमाणपत्र लागतं. त्याचा अ भाग यंत्र ज्याच्या ताब्यात आहे तो भरतो, ब भाग तज्ज्ञ. त्यात फाइलचं हॅश मूल्य लिहावं लागतं. हा फाइलवरून गणितानं काढलेला लांबलचक आकडा असतो, आणि फाइलमध्ये एक बिंदू जरी बदलला तरी तो बदलतो. विंडोजमध्ये आधीपासून असलेल्या सर्टयूटिल या आज्ञेनं तो काढता येतो. बॅकअप काढला त्याच दिवशी काढून कागदावर लिहून ठेवा. व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ म्हणून पाठवलेली प्रत आकुंचन पावते, तिचा हॅश मूळ फाइलशी जुळत नाही. बघायला ती ठीक, पुरावा म्हणून मूळच हवी.

या प्रमाणपत्राबाबतचा, पूर्वीच्या कलमाखालचा पण देशभर लागू होणारा निकाल जालन्याच्या प्रकरणातून आला. २०१४च्या विधानसभा निवडणुकीत अर्जुन खोतकर यांचा उमेदवारी अर्ज दुपारी तीनची मुदत उलटल्यावर दाखल झाला, असं प्रतिस्पर्धी उमेदवार कैलास गोरंट्याल यांचं म्हणणं होतं, आणि भिस्त होती निवडणूक कार्यालयातल्या व्हिडिओ चित्रणावर. चित्रणाच्या प्रती मिळाल्या, पण वारंवार मागूनही अधिकाऱ्यांनी प्रमाणपत्र दिलं नाही. सर्वोच्च न्यायालयानं १४ जुलै २०२० रोजी सांगितलं, की मूळ यंत्रच न्यायालयात हजर केलं नसेल तर प्रमाणपत्र आवश्यक आहे. मात्र ते मिळवण्यासाठी शक्य ते सगळं करूनही ते देणं दुसऱ्याच्याच हातात राहिलं असेल, तर त्याची शिक्षा मागणाऱ्याला होणार नाही. वाचकानं यातून घ्यायचं ते इतकंच, की फुटेज आणि प्रमाणपत्र दोन्ही लेखी मागा आणि पोच जपून ठेवा.

याची दुसरी बाजू सोसायटीच्या पदाधिकाऱ्यांनी लक्षात ठेवावी. पुरावा म्हणून सादर होऊ नये या हेतूनं इलेक्ट्रॉनिक नोंद नष्ट करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २४१ खाली गुन्हा आहे. "ओव्हरराइट झालं असेल" हे उत्तर लेखी मागणी आल्यानंतरच्या तारखेला पटणारं नसतं.

आपलं गेलं, पण शेजारच्याचं?

तुमच्या डिस्कवरचं मिळणार नाही असं ठरलं, तरी चोर हवेतून आलेला नसतो. समोरचं मेडिकल, कोपऱ्यावरचा पेट्रोल पंप, पलीकडची सोसायटी, एटीएम, रस्त्यावर उभ्या गाडीतला डॅशकॅम, महापालिकेचे किंवा पोलिसांचे चौकातले कॅमेरे, सगळीकडे त्याच रात्रीचं चित्रण असतं आणि सगळीकडे त्यावर नवं लिहिलं जात असतं. त्यामुळे स्वतःच्या डिस्कवर चार दिवस वाया घालवून मग शेजाऱ्यांकडे जाण्यात अर्थ नाही. दोन्ही कामं एकाच दिवशी, दोन माणसांनी करावीत. बँक किंवा चौकातल्या सरकारी कॅमेऱ्याचं फुटेज सहसा पोलिसांच्या मागणीनंच मिळतं, पण 'जतन करा' एवढं सांगायला तुम्हाला कोणी अडवत नाही. असं पत्र चालेल:

"मा. सचिव / मालक यांस,
दि. ....... रोजी रात्री ९ ते ११ या वेळेत आमच्या इमारतीतून दुचाकी चोरीस गेली आहे. आपला रस्त्याच्या बाजूचा कॅमेरा या मार्गावर आहे. तरी त्या दिवशीचे रात्री ८ ते १२ या वेळेतील चित्रण मूळ स्वरूपात जतन करून ठेवावे व पोलिसांनी मागणी केल्यास त्यांना द्यावे. आपल्या यंत्रातील वेळ व प्रत्यक्ष वेळ यांत फरक असल्यास तोही नोंदवून ठेवावा. पत्राची पोच द्यावी, ही विनंती."

सरकारी कार्यालयातल्या फुटेजसाठी माहिती अधिकाराचा अर्ज करता येतो, पण उत्तराची मुदत तीस दिवसांची आहे आणि तोवर डिस्क फिरून जाऊ शकते. म्हणून अर्जासोबत जतन करण्याचं पत्र त्याच दिवशी द्या. पोलिस ठाण्यांबाबत सर्वोच्च न्यायालयानं २ डिसेंबर २०२० रोजी परमवीर सिंग सैनी प्रकरणात आदेश दिला आहे. तिथलं चित्रण १८ महिने ठेवायचं आहे, आणि तेवढ्या क्षमतेची यंत्रं बाजारात नसतील तरी एका वर्षाहून कमी नाही. पोलिस ठाण्यातल्या घटनेचं फुटेज मागताना अर्जात या आदेशाचा उल्लेख करा.

महिन्यातून पंधरा मिनिटं

रिकव्हरीला हजारो रुपये आणि कित्येक दिवस जातात, हमी कोणीच देत नाही. त्यापुढे खालच्या गोष्टी फुकटात पडतात.

दर महिन्याच्या एका ठरलेल्या तारखेला प्लेबॅक उघडून सर्वांत जुनं चित्रण कोणत्या तारखेचं आहे ते बघा. कॅमेरेवाल्यानं काहीही सांगितलेलं असो, तुमच्याकडे खरोखर किती दिवस राहतं ते हेच. तीस दिवस हवे असतील आणि अकराच मिळत असतील तर मोठी डिस्क घ्या, किंवा यंत्राला जमत असेल तर एच.२६५ पद्धत निवडा. तितक्याच दर्जाचं चित्रण त्यात कमी जागेत बसतं. घड्याळ मोबाइलशी जुळवा. पाच मिनिटांचा बॅकअप काढून तो दुसऱ्या संगणकावर चालतो का ते पाहा. लॉगमध्ये डिस्कच्या दोषाच्या नोंदी आहेत का तेही पाहा.

डिस्क चोवीस तास लिहिण्यासाठी बनवलेली, सर्व्हेलन्स प्रकारचीच घ्या. तिची हमी साधारण तीन वर्षांची असते. ती संपली की डिस्क चालतेय म्हणून तशीच ठेवण्यापेक्षा बदलण्याचा ठराव करा. डीव्हीआरला यूपीएस लावा, कारण वारंवार वीज जाण्यानं नोंदवही बिघडते. चोर डीव्हीआरच उचलून नेतात, म्हणून तो वॉचमनच्या टेबलाखाली नको, हवा खेळती असलेल्या कुलूपबंद पेटीत हवा. पासवर्ड दोन पदाधिकाऱ्यांकडे असू द्या आणि फॉरमॅटचा अधिकार बाकी कोणाच्या खात्याला ठेवू नका.

शेवटची सूचना कॅमेरेवाल्याबद्दल. वार्षिक देखभालीच्या करारात एक ओळ घाला: समितीच्या लेखी परवानगीशिवाय डिस्क फॉरमॅट करणार नाही. तो कुरकुर करेल, कारण अर्ध्या तक्रारी फॉरमॅट मारून मिटतात. तरी ती ओळ सोडू नका.